हिशेबाबाहेरची वस्ती

चिंचदऱ्यात कुणाची विहिरीवरची मोटार जळली की माणूस आधी भागवतला फोन करी, मग घरात सांगे. पाथर्डीच्या स्टँडमागे त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. तांब्याची तार बोटांवरून सोडत तो गिऱ्हाइकाशी गप्पा मारी आणि बोलता बोलता त्याची विहीर किती खाली गेलीय तेही काढून घेई. मोटार जळते ती बहुतेक वेळा पाणी हटल्यावर, कोरडी फिरून. त्यामुळे तालुक्यात कुठलं शिवार कधी आटलं हे भागवतला सरकारच्या आधी कळतं, असं लोक कौतुकाने म्हणायचे. त्यालाही ते ऐकायला बरं वाटायचं.

त्याचा जन्म उसाच्या फडातला. आईबाप दसरा झाला की मुकादमाच्या ट्रकमध्ये बसायचे आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत यायचे. पाचटाच्या झोपडीत, कोपीत भागवत रांगला, आणि त्याला सांभाळलं ते थोरल्या बहिणीने, लंकाबाईने. भाऊ कडेवर आला तशी तिची शाळा सुटली. पुढे तिनेच बापाजवळ हट्ट धरला, "ह्याला फडात न्यायचं न्हाई. ह्यो आजीपाशी ऱ्हाईल, शिकंल." बापाने ऐकलं. भागवत शिकला, आयटीआय झाला, दुकान टाकलं, गावात विहीर पाडली, मोसंबीची बाग धरली. लंकाबाईला त्याच गावात, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर दिलं होतं. ती मात्र अजून नवऱ्याबरोबर ऊस तोडायला जाई. बहीण-भावाची भाऊबीज वर्षानुवर्षं फोनवर व्हायची.

भागवतला उसाचा विषय नकोसा वाटे. दुकानात एखाद्याने सहज विचारलं, "तुमची माणसं तोडीला जायची ना?" तर तो "व्हय, पूर्वी" एवढंच म्हणे आणि ग्राइंडर सुरू करी. त्या आवाजात पुढचं बोलणं आपोआप बुडे.

गावात पाण्याचं काम सुरू झालं ते रुचाताईंमुळे. नगरच्या एका संस्थेतून त्या यायच्या. वयाने लहान, पण चिकट. पहिल्या बैठकीला देवळाच्या ओट्यावर जेमतेम चार टाळकी होती. रुचाताई म्हणाल्या, "पाऊस किती पडला, विहिरींत किती उरला, माणसांना आणि जनावरांना किती लागणार, आणि उरलेल्यात कुठलं पीक बसणार, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. एकेकट्याने नाही." लोक हसले. पाणी ज्याच्या विहिरीत त्याचं, हे गावात इतकं मुरलेलं होतं की दुसऱ्याच्या विहिरीत दोर सोडून पाणी मोजणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरचं झाकण उचलण्यासारखं वाटे.

भागवतला मात्र ते पटलं. शेजारच्याने बोअर खोल नेलं की आपली मोटार कशी कोरडी पडते हे त्याच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. तो रुचाताईंबरोबर शिवारभर हिंडला. विहिरी मोजल्या, शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवलं, मोजमापाचे आकडे सोपे करून लोकांना सांगितले. भांडणंही झाली. कांदेवाला वाल्मिक एकदा बैठकीतून चप्पल घालून तरातरा निघून गेला आणि दुसऱ्या आठवड्यात आपणहून परत आला. "मी नसलो तर तुमी माझंच पानी कापाल," असं म्हणत मधोमध बसला. हळूहळू लोकांना त्याची गोडी लागली. पाणी समिती झाली, आणि भागवतला अध्यक्ष करायला कुणाचा विरोध आला नाही.

मोठी बैठक दिवाळीनंतर झाली. पाऊस संपलेला, विहिरी मोजून झालेल्या, आता वर्षाचा पाण्याचा जमाखर्च मांडायचा होता. ओट्यावर बसायला जागा नव्हती. वस्तीवरून मात्र फक्त म्हातारीकोतारी आली होती. बाकीची दसऱ्यालाच फडांवर गेलेली.

माणसं किती धरायची हा प्रश्न आला तेव्हा भागवतने घरटी आकडा घेतला. कुलूप लागलेल्या घरांपाशी तो थांबला नाही. रंगुबाई पुढच्या रांगेत बसली होती. वस्तीवरची सगळ्यात म्हातारी, लंकाबाईची शेजारीण. ती म्हणाली, "आन आमची पोरं? ती येत्यात की चैतात. त्यांनला बी धरा."

रुचाताईंनी मान वर करून भागवतकडे पाहिलं. "ते किती असतात, दादा?"

खरं तर भागवतला ते पाठ होतं. पण ती माणसं धरली, त्यांचे बैल धरले, की उन्हाळी कांद्याचं क्षेत्र निम्म्यावर येणार होतं. वाल्मिक पुन्हा उठणार होता. आणि मोसंबीला हिवाळाअखेरच्या फुलोऱ्यासाठी, आंब्या बहारासाठी पाणी लागणार होतं, तेही त्याच्या मनाच्या कोपऱ्यात होतंच. तो हसत म्हणाला, "आज्जे, तुझी पोरं बागायतीतनं येनार. येताना कारखान्याचं पानी भरूनच आनतील की ट्रकात!"

सगळा ओटा हसला. रंगुबाईही तोंडाला पदर लावून हसली.

"ते निम्मं वर्ष नसतातच, ताई," भागवतने रुचाताईंना समजावलं. "आल्यावर बघू. तवर वळीव बी होतो." गावातला माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. ठराव एकमताने झाला आणि टाळ्या वाजल्या.

त्या हिवाळ्यात गाव खरंच बदललं. कुणी ठरल्याबाहेर क्षेत्र वाढवलं नाही. पाण्याच्या पाळ्या पाळल्या गेल्या. कांदा तरारला, भागवतची बाग फुलली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात पाण्याचा जमाखर्च रंगवला गेला; वर 'टँकरमुक्त चिंचदरा', मग पाऊस, साठा, माणसं, जनावरं, पिकं. खाली समितीची नावं, सगळ्यात वर भागवतचं. दुसऱ्या गावांतून लोक पाहायला येऊ लागले. भागवत आता दुकान मदतनिसावर सोडून इस्त्रीच्या शर्टात त्या भिंतीसमोर उभा राहून बोलायला शिकला होता. कुठे थांबायचं, कुठे हसवायचं, त्याला बरोबर जमायचं.

पाडव्याच्या आधी संगमनेरकडची मंडळी आली. जीप भरभरून. फेटे झाले, हार झाले. भागवत भिंतीसमोर रंगात आला होता, "एकट्याची विहीर ही कल्पनाच आम्ही सोडून दिली," असं म्हणत होता, तेवढ्यात फाट्याकडून ट्रक आला. वर बैल, कोपीचे बांबू, चटया, पिंपं, कोंबड्यांची खुराडी, आणि त्या सगळ्यावर माणसं. चिंचदऱ्याची माणसं परत आली होती.

ट्रक पंचायतीपाशीच थांबला. लंकाबाई खाली उतरली. उन्हाने करपलेली, हाताला चिंध्या बांधलेल्या. गळ्यात हार घातलेला भाऊ पाहून ती जागच्या जागी उभी राहिली. मग बाजूच्या पाहुण्याला म्हणाली, "माझा धाकला भाऊ हाय त्यो."

तो पाहुणा म्हातारा शेतकरी होता. त्याने ट्रककडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "अध्यक्षसाहेब, ही मंडळी माणसांच्या आकड्यात धरलेली असतील ना? म्हणजे आम्हाला तसंच करायला बरं."

भागवतला उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही, हेच त्याला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं. समोर पाहुणे, बाजूला सरपंच, शेजारी रुचाताई, आणि गळ्यात हार. तो म्हणाला, "होय तर! धरलीत ना."

रुचाताईंनी झटकन त्याच्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. लंकाबाईने मागे वळून ट्रकातल्या बायांना हाक दिली, "ऐकलं का गं, आपल्याला बी धरलंय! आवंदा पान्याला वनवन न्हाई."

जीप गेल्यावर रुचाताई एवढंच म्हणाल्या, "दादा, चूक माझीही आहे. मी तेव्हा धरून बसायला हवं होतं. पण आज तुम्ही असं का बोललात?" भागवतने हार काढून सरपंचाच्या खुर्चीवर ठेवला आणि गाडीला किक मारली.

गावविहिरीतलं पाणी मांडलेल्या हिशेबाप्रमाणेच खाली गेलं होतं. जेवढी माणसं धरली तेवढ्यांना पुरेल इतकंच होतं. वस्तीची लाइन विहिरीपासून सगळ्यात लांब, आणि चढावर. एवढी माणसं वाढल्यावर वरच्या नळांना नुसती हवा येऊ लागली. बायका तोट्या सोडून बसायच्या, फुसफुस ऐकायच्या आणि हंडे घेऊन डोंगराखालच्या झऱ्याकडे निघायच्या.

भागवतने वस्तीकडे जाणं टाळलं. दुकानात काम नसलं तरी बसून राहू लागला. वाटेत वस्तीवरचं कुणी दिसलं की फोन कानाला लावायचा. तरी कानावर यायचंच. बाया कुरकुरल्या की लंकाबाई त्यांना गप्प करते असं बायकोने, धनश्रीने सांगितलं. "म्हनत्या, माझ्या भावानं धरलंय, कुठंतरी लाइन फुटली आसंल. येईल पानी. भागवतवर भरवसा ठिवा."

"आनखी काय म्हनली?" भागवतने विचारलं.

"एवढंच." धनश्री भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "तुमी सांगत का न्हाई त्यांनला?"

भागवत न जेवता बागेत गेला. तिथे ठिबकची नळी थेंब थेंब गळत होती, आणि मोसंबीच्या बुंध्याशी माती काळी ओली झालेली होती. ती ओल पाहून त्याला एकदम चोरी उघडी पडल्यासारखं वाटलं. चोरी तर नव्हती. सगळं ठरावात बसलेलं होतं. म्हणूनच जास्त लाज वाटत होती.

शेवटी त्याने एक वाट काढली, तीही अर्धवट. आपल्या विहिरीवरून पिंपं भरली, टेम्पोत घातली आणि बहिणीच्या दारात नेली. दुपारची वेळ होती. आजूबाजूच्या घरांतल्या बाया उंबऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या.  टेम्पो एकाच दारात का थांबला ते सगळ्यांना दिसत होतं.

लंकाबाईने पिंपांकडे पाहिलं, मग भावाकडे.

"म्हंजी धरलं नव्हतंस," ती म्हणाली.

भागवतने टेम्पोचा मागचा फाळका पाडला आणि पहिल्या पिंपाला हात घातला. 

"मी हितं सगळ्यांसंगं भांडत हुते रे तुझ्यापायी." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं. "आन तू माझ्या एकटीच्या घरी पानी घिऊन आलास? ह्या बाया काय म्हनतील, भावाची बहीन हाय म्हनून हिचं भागलं. त्या तोंडानं मी पुढल्या साली ह्यांच्यासंगं फडात कशी बसू?"

"आक्का, चुकलं माझं."

"मला काय सांगतूस? पिंपं उचल. आधी रंगुबाईच्यात दे. तिची सून बाळंतीन हाय."

त्याने पिंपं उचलली. रंगुबाईच्या ओसरीवर टाकी भरताना त्याने म्हातारीकडे न पाहताच विषय काढला. "आज्जे, दिवाळीच्या बैठकीत मी तुला ट्रकातल्या पान्याचं बोललो हुतो..."

"व्हय, बोलला हुतास की." रंगुबाई शेंगा निवडत होती. "लई हासले समदे."

"तू बी हासलीस."

"हासावंच लागतं बाबा. समदे हासले आन आपुन तेवढं न्हाई हासलं, तर माघारी दुसऱ्या बैठकीला बशीवत न्हाईत."

भागवत रिकामं पिंप घेऊन बाहेर आला आणि टेम्पोच्या आड जाऊन फाळक्याला टेकला. ह्याच वस्तीवर तो लहानपणी आजीपाशी राहिला होता. आईबाप फडावरून परतायचे तेव्हा आजी आधी त्यांच्यासाठी रांजण भरून ठेवायची. येणाऱ्या माणसाला पाणी ठेवायचं असतं हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. ते त्याने मुद्दाम बाजूला सारलं होतं.

त्याने बैठक बोलावली. ओट्यावर सगळे जमले, ह्या वेळी वस्तीवरचेही. भागवत उभा राहिला तेव्हा लोकांना वाटलं, नेहमीसारखं बोलेल.  पण तो म्हणाला, "मी पाहुण्यांसमोर खोटं बोललो. वस्तीवरची मानसं आपुन धरली नव्हती. रंगुआज्जी धरा म्हनली हुती, मी तिची थट्टा केली. मला आकडा म्हाईत हुता."

 वाल्मिक उसळला. "आरं, तुझं खोटं तुझ्यापाशी! माझा कांदा काढनीला आता दोन पान्यांवर आलाय. आता सोडून देऊ व्हय? ठराव करताना समद्यांनी हात वर केला हुता."

"आमी न्हवता केला," मागून लंकाबाई म्हणाली.

वाल्मिक तिच्याकडे वळला आणि खाली बसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या कांद्यात त्याचं सगळं वर्ष होतं, आणि तेही खरंच होतं.

वाद ऊन कलेपर्यंत चालला. भागवतने बागेचं पाणी त्या दिवसापासून बंद केलं आणि आपल्या विहिरीची मोटार गावविहिरीच्या लाइनला जोडून दिली. वाल्मिकने घासाघीस करून दोनातलं एक पाणी गावासाठी सोडलं, एक कांद्याला घेतलं. दोघातिघांनी काहीच सोडलं नाही आणि उरलेला उन्हाळा ते वस्तीवरून जाताना खाली मान घालून जात राहिले. बागेतली फळं बोराएवढी होऊन गळून पडली. कुणी त्याबद्दल भागवतची पाठ थोपटायला आलं की त्याला ते सहन होत नसे. हात झटकून तो दुसरीकडे निघून जाई. शेवटी वैशाखात टँकर लावावाच लागला. 'टँकरमुक्त' ह्या अक्षरांवर त्याने स्वतः चुन्याचा हात फिरवला. निळा रंग चुन्याखालून दिसतच राहिला, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवला.

पुढच्या साली बैठक दसऱ्याआधी घ्यायची असं ठरलं, आणि देवळात नाही, वस्तीवर, रंगुबाईच्या अंगणात. रुचाताई म्हणाल्या, पावसाचा अंदाज थोडा कच्चा राहील, पण माणसं पक्की असतील. अंगणात पहिल्यांदाच बायका मागे न बसता मध्ये बसल्या. त्यांनी जे सांगितलं त्यातलं बरंच समितीच्या डोक्यातही नव्हतं: परतीचे पहिले दिवस पाणी जास्त लागतं, कपड्यांची गाठोडी धुवायची असतात, बैलांना उतरवल्या उतरवल्या पाणी लागतं, बाळंतपणं बहुतेक त्याच महिन्यांत असतात. पाझर तलावाखालची जुनी विहीर दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कुणीच उपसायची नाही, ती परतणाऱ्यांसाठी राखायची, असं लंकाबाईने सुचवलं. वाल्मिकने कपाळाला आठ्या घातल्या, पण हात वर केला.

मग वस्तीवरच्यांचा प्रश्न आला, आपण इथे नसताना त्या विहिरीवर लक्ष कोण ठेवणार? कुणीतरी म्हणालं, "भागवत हायच की, अध्यक्ष."

भागवतने नकळत पाठ ताठ केली. लंकाबाई म्हणाली, "भागवत नगं."

 ती भावाकडे न पाहता बोलली, "त्यो वाईट न्हाई. पन त्याला चार मानसांसमोर न्हाई म्हनाया जमत न्हाई. पानी राखायचं म्हंजी न्हाई म्हनाया लागतं. रंगुबाई बघंल. आन संगं वाल्मिकला द्या."

"मला?" वाल्मिक दचकला.

"तुला. तू तरी भांडतूस तर तोंडावर भांडतूस."

लोक हसले, आणि वाल्मिकही हसला.  लंकाबाई खोटं बोलली असं भागवतला एका क्षणासाठीही म्हणता येईना. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "बरोबर हाय आक्काचं." मग थोड्या वेळाने, "मोटारीचं काय लागलं तर मी बघीन. तेवढं तरी मला द्या." ते त्याला दिलं गेलं. अध्यक्षपद त्याने सोडलं. कुणी फार आग्रह केला नाही.

त्या साली पाऊस बेताचा झाला. विहीर राखली गेली. मध्ये एकदा भागवतच्या नात्यातल्या एकाने तिच्यात मोटार टाकायचा प्रयत्न केला, तर रंगुबाई काठी घेऊन कठड्यावर जाऊन बसली आणि वाल्मिकला बोलावून आणेपर्यंत उठली नाही. पाडव्याला ट्रक आले तेव्हा वस्तीच्या नळांना त्या विहिरीचं पाणी होतं. ते उन्हाळाभर पुरलं नाही. ज्येष्ठाच्या तोंडावर टँकर आलाच, पण आधीच्या सालापेक्षा बराच उशिरा.

ट्रक आले त्या दिवशी भागवत वस्तीवर मोटारीचा कॅपॅसिटर बदलत होता. अंगावर दुकानातला तेलकट शर्ट. लंकाबाई उतरली, नळाखाली हंडा लावला, चिंध्या सोडून हात धुतले. मग भावाकडे आली.

"जेवलास का?"

"न्हाई आजून."

"मग थांब. भाकरी टाकते."

तो थांबला. ओसरीवर तिच्या समोर बसून जेवला, दोन वेळा पाणी मागून प्यायला. ती फडातल्या गोष्टी सांगत होती, कोण आजारी पडलं, कुणाचा बैल मेला. तो ऐकत होता, मधूनमधून "व्हय" म्हणत होता, आणि अजूनही तिच्या डोळ्यांकडे सरळ बघणं त्याला जमत नव्हतं.